कलिंगड पिकते ते वेलावरच



ऊस विकास विभागाच्या माणसाने कलिंगडावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खोडवा तुटून गेला की मोकळ्या रानात जानेवारी-फेब्रुवारीत ठिबक आणि मल्चिंगवर कलिंगड करणारे सभासद आता आपल्याकडे गावोगाव आहेत. एप्रिलात रान मोकळे होते, मे महिन्यात ताग पेरून गाडला की जुलै-ऑगस्टात आडसाली लागण करता येते. या फेरपालटाला आमचा पाठिंबाच आहे. आमचे भांडण आहे ते तोडणीच्या घाईशी.

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या रानात गेलो होतो. प्लॉट व्यापाऱ्याला उक्ता दिलेला, दुसऱ्या दिवशी गाडी लागणार होती. रानाच्या तीन कोपऱ्यांतली तीन फळे फोडली. पहिले लालभडक निघाले, दुसरे गुलाबी, तिसऱ्याचा तर गरही फिका आणि बीही पांढरे. आम्ही म्हटले, "निम्मा माल कच्चा दिसतोय." त्यावर सभासद म्हणाले, "साहेब, गाडीत पडल्या पडल्या पिकंल की!"

इथेच सगळी चूक आहे. आंबा, केळी, चिकू काढल्यावर पिकतात. कलिंगडाचे तसे नाही. त्यातली साखर पानांतून देठावाटे येते. देठ तुटला की आवक बंद. पुढे फळ नुसते शिळे होते, गोड होत नाही. वेलावरचे शेवटचे सात-आठ दिवसच गोडीचे असतात, आणि आपण नेमके तेच तोडून टाकतो.

गाडी गेली. चार दिवसांनी निरोप आला की बराच माल फिका निघाला, आणि ठरलेल्या रकमेतून पैसे कापले गेले. व्यापाऱ्याला काय बोलणार? आम्ही स्वतः बांधावर उभे होतो आणि नेटाने 'थांबा' म्हणालो नाही. आमच्याही डोक्यात तागाच्या पेरणीची तारीख होती. म्हणून हा लेख.

फळ पक्के झाले हे ओळखायचे कसे? जुनी जाणती माणसे नुसती टिचकी मारून सांगत. कच्चे फळ टणटण वाजते, पक्के डबडब वाजते. खूण खरी आहे, पण कान तयार असावा लागतो, आणि पातळ सालीच्या लहान संकरित फळांत हा आवाज फसवतो. तेव्हा एका खुणेवर विसंबू नये, तीन-चार जुळल्या तरच विळा लावावा.

पहिली खूण बाळीची. फळाच्या देठाजवळ जो तणावा असतो तो हिरवा असेल तर फळ कच्चे. तो तपकिरी होऊन वाळला की फळ पक्वतेला आले समजावे. मात्र रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने सगळा वेलच सुकला असेल, तर बाळीवर भरवसा ठेवू नका.

दुसरी खूण फळाच्या बुडाची. जमिनीला टेकलेला भाग पांढरा असेल तर थांबा. तो लोण्यासारखा पिवळसर झाला पाहिजे. आमच्या मते नवख्या माणसाला हीच खूण सर्वांत सोपी. तिसरी खूण, सालीची कोवळी चकाकी जाऊन ती मंद दिसू लागते. काही जण फळ दाबून आतला 'कर्रर' आवाज ऐकतात. पण दाबलेले फळ आतून चिरते आणि वाहतुकीत टिकत नाही. विकायच्या मालावर हा प्रयोग नको.

चौथी गोष्ट दिवसांची. फळ धरल्यापासून जातीप्रमाणे साधारण 30 ते 40 दिवस लागतात. फळधारणेच्या वेळी चार ठिकाणी काठ्या रोवून तारीख लिहून ठेवा. एकाच वेलावरची दोन फळे आठ-दहा दिवस मागेपुढे धरतात. मग सगळा प्लॉट एका दिवसात पक्का होईलच कसा? दोन-तीन तोडे केलेच पाहिजेत.

आणि शेवटी, रानाच्या वेगवेगळ्या भागांतली तीन-चार फळे फोडून गाभ्याचा रस हँड रिफ्रॅक्टोमीटरवर पाहा. 10 च्या वर ब्रिक्स आला तर माल गोड. शेवटचे काही दिवस पाणीही बेताचेच द्या. जादा पाण्याने गोडी उतरते आणि फळे तडकतात.

कोणी म्हणेल, "रमजानचा भाव चाललाय, विहीर तळाला गेलीय. थांबलो अन् भाव पडला तर साहेब भरून देणार का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही भरून देऊ शकत नाही. पण भाव असताना पक्की फळे आधी काढा, बाकीची ठेवा, एवढे तर हातात आहे. सौदा करतानाच तोडे किती आणि वजन कसे, हे ठरवून घ्या. फिके कलिंगड खाल्लेले गिऱ्हाईक आठ दिवस दुसरे घेत नाही. त्याचा फटका शेजारच्या सभासदालाही बसतो.

उसाचे तरी वेगळे काय आहे? शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स जवळ आला की ऊस पक्व झाला, हे आम्ही त्याच यंत्रावर पाहतो. कोवळा ऊस तोडला तर उतारा घटतो आणि तो तोटा सर्वांच्या दरात येतो. कच्चे कलिंगड फोडून दिसते, कच्चा ऊस दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा गाडी सांगण्याआधी रानात एक फेरी मारा, फळ उलटून त्याचे बूड पाहा. ताग चार दिवस उशिरा पेरला तरी चालेल. हे आम्ही सांगतो आहोत, एवढे लक्षात ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी