खलनायकाचे बळ आणि द्वंद्वाचे नियम

चित्रपटातील खलनायक नायकाच्या तोडीस तोड असावा आणि ही बरोबरी अंतिम द्वंद्वात सिद्ध व्हावी, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही. पदव्युत्तर वर्गातील निबंधांतही ते निर्धास्तपणे वावरते. बळ म्हणजे शरीरबळ आणि द्वंद्व म्हणजे त्याचे मोजमाप, असे भाबडे समीकरण त्याच्या मुळाशी आहे. ते मान्य केले की हाणामारी हा कथनातील केवळ विराम ठरतो आणि समीक्षक संवादांचे गुणगान करायला मोकळा होतो.

१९७५ च्या 'शोले'ने हे समीकरण केव्हाच मोडीत काढले आहे. सलीम-जावेद यांच्या पटकथेतील गब्बरसिंगाचा दरारा सर्वमान्य आहे. मात्र नि:शस्त्र झटापटीत तो एकदाही जिंकत नाही, इकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पूर्वकथेत ठाकूर बलदेवसिंग पाठलाग करून त्याची मान आपल्या हातांत आवळतो. अखेरीस वीरू त्याला यथेच्छ बडवतो, आणि मग हात नसलेला ठाकूरही त्याला लोळवतो. तोडीस तोड कुठे आहे? कुठेच नाही.

त्याचे बळ आहे ते द्वंद्वाचे नियम ठरवण्याच्या आणि मोडण्याच्या अधिकारात. हार खाऊन परतलेल्या तीन साथीदारांसमोर तो रिव्हॉल्व्हरमधील सहापैकी तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो, तिघांवर चाप ओढतो. तिघेही वाचतात. तो हसतो, सारे हसतात. आणि मग तो तिघांनाही ठार करतो. ठाकूरचे हात तोडणे हीही याच अधिकाराची कृती होय. प्रतिस्पर्ध्याला हरवण्याऐवजी तो त्याची लढण्याची शक्यताच काढून घेतो. दिग्दर्शक रमेश सिप्पी तो घाव दाखवत नाहीत. तलवार खाली येते आणि दृश्य वर्तमानात परतते, जिथे वाऱ्याने ठाकूरची शाल उडते. त्याआधी होळीच्या चकमकीत बंदूक ठाकूरच्या पायांशी पडलेली असते आणि तो ती उचलत नाही. जय संतापतो, प्रेक्षकही बुचकळ्यात पडतो. गब्बर ज्याला त्या वेळी स्पर्शही करत नाही, त्याच्यावरच त्याचा सर्वांत जबर प्रहार तिथे प्रत्ययाला येतो.

पाश्चात्त्य सिद्धान्तांकडे धाव घेण्याआधी भासाचे 'ऊरुभंग' आठवावे. तिथे भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध रंगमंचावर घडत नाही. तीन सैनिक ते वर्णन करून सांगतात. भीमाला गदायुद्धाचा नियम मोडून मांडीवर प्रहार करावा लागतो. दुर्योधनाचे बळ किती, हे त्या नियमभंगावरूनच कळते. रंगमंचावर येतो तो भग्न दुर्योधन, आणि सहानुभूतीचे पारडे त्याच्याकडे झुकते. प्रबळ खलनायकाचे द्वंद्व रंगवताना पाहायचे ते हे, की त्याला हरवणाऱ्याला काय गमवावे लागले. त्याने किती ठोसे झेलले, हा हिशेब आखाड्यातला.

'शोले'च्या शेवटाचा वादही इथेच तपासावा लागतो. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरचे हात चिरडतो आणि त्याला ठार करतो. आणीबाणीच्या काळातील सेन्सॉरला माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे रुचले नाही. म्हणून पोलीस ऐन वेळी येऊन त्याला थांबवतात, असा शेवट चित्रित झाला आणि तोच १५ ऑगस्ट १९७५ रोजी पडद्यावर आला. २०२५ मध्ये बोलोन्यातील महोत्सवात पुनरुज्जीवित प्रतीसह मूळ शेवट दाखवला गेला, तेव्हा दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याचा विजय म्हणून त्याचे स्वागत झाले. स्वागत योग्यच, पण कारण अपुरे आहे. सेन्सॉरने हिंसा कमी केली असेही नव्हे, कारण हात चिरडणे दोन्ही शेवटांत आहे. सेन्सॉरने गब्बरला दुबळे केले. पोलिसांनी थांबवताच ठाकूरला त्याचे अधिकारीपण, त्याची निर्दोषता, काहीही न गमावता परत मिळते; म्हणजे गब्बर त्याच्यापासून हातांपलीकडे काहीच हिरावू शकला नाही, असे ठरते. मूळ शेवटात वैरी मेल्यावर ठाकूर विजयाची मुद्रा धारण करत नाही. तो ढसाढसा रडतो, आणि डोळे पुसायला त्याला हात नाहीत.