नकाशावरील उद्याने

लहान शहराचा विकास आराखडा पाहिला की ते शहर हिरवेगार असावे असा समज होतो. जागोजागी उद्यान, बालोद्यान, क्रीडांगण अशी आरक्षणे रंगविलेली असतात. प्रत्यक्षात त्या भूखंडांवर बाभळी आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा, एवढेच आढळते. हे अंतर केवळ नगरपालिकेच्या आळसाचे फळ नव्हे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या १२७ व्या कलमानुसार, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. त्यापुढील मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २००९ साली ती बारा व २०१५ साली चोवीस महिन्यांची झाली. तेवढ्यात संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. नुसता प्रस्ताव वर धाडून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केले आहे. मालकाचाही यात दोष नाही. दहा वर्षे जमीन अडकून पडल्यावर त्याने दाद मागू नये काय?

मुदत वाढली म्हणून तिजोरी भरत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारभावाच्या सुमारे दुप्पट मोबदला द्यावा लागतो. तो घरपट्टीतून कसा निघावा? रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद आहे खरी, परंतु जेथे वाढीव बांधकामाला गिऱ्हाईकच नाही तेथे तो कागद घेणार कोण? सांगलीची आमराई किंवा कोल्हापूरचे टाऊन हॉल उद्यान ही संस्थानी काळाची देणगी. तेव्हा हा प्रश्न असा उभा राहिला नाही.

झालेल्या उद्यानांची कथा निराळी. अनुदान मिळते ते बांधण्यासाठी. माळ्याचा पगार नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातून द्यायचा. म्हणून कारंजे कोरडे पडते, झोपाळ्याची साखळी तुटते. कोनशिला तेवढी शाबूत राहते. मग देखभालीसाठी प्रवेशशुल्काची टूम निघते. आणखी एक मनुष्य आत आल्याने खर्च जवळजवळ वाढत नाही. शुल्काने मात्र दोन खोल्यांत राहणारे कुटुंब आणि अभ्यासाला जागा नसलेला विद्यार्थी नेमके बाहेर राहतात.

प्रत्येक आरक्षणाची दहा वर्षे कधी भरतात, याचा तक्ता नगरपालिकेने कचेरीच्या दारावर लावावा आणि अंदाजपत्रकापूर्वी तो सभेपुढे ठेवावा. सर्वच भूखंड घेता येणार नाहीत, हे उघड आहे. दाट वस्तीतला एखादा लहान तुकडा आधी घ्यावा. शहराबाहेरचे विस्तीर्ण उद्यान मागाहून झाले तरी चालेल.