गाभण गाईची पेंड आणि पोरीचं ताट

आपल्या माणदेशात हार्ट अटॅकचा विषय निघाला की लोक पुण्या-मुंबईकडे बोट दाखवतात. तिकडं बसून खाणारी माणसं, सुटलेली पोटं, दारात गाडी. आपला माणूस काटक, बाजरीची भाकरी खाणारा, मेंढरांमागं रान तुडवणारा. त्याला कशाचा अटॅक? काटकपणाचा हा अभिमान खोटा नाही. मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली, ती याच फोंड्या माळावरची पोर. पण संध्याकाळच्या वेळी म्हसवडमधल्या कुठल्याही मेडिकलच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहा. शुगरच्या, बीपीच्या गोळ्या मागणाऱ्यांत अंगानं सडसडीत माणसं कितीतरी दिसतील. मनगटं बारीक, दंड सुकलेले आणि सदऱ्याखाली तेवढा पोटाचा नगारा.

या माणसाचं कोडं पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सोडवत आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. मापात दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवतो. चरबी मात्र आपल्या माणसाच्या पोटात लपून बसलेली असते, आणि मधुमेह आणि हृदयविकार तिच्याच वाटेनं येतात.

ही चरबी येते कुठून? खादाडपणातून, आळसातून, हे उत्तर सोपं आहे आणि काही अंशी खरंही आहे. याज्ञिक मात्र मागं मागं जात थेट बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचले. १९९३ साली त्यांनी पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या बायकांची नोंद सुरू केली. कोरडवाहू शेतीची, पावसाकडे डोळे लावून बसणारी ती गावं. नावं बदलली तर माण तालुक्यातलीच वाटतील. दिवस जाण्याआधी या बायकांचं सरासरी वजन बेचाळीस किलोही भरत नव्हतं. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथवर नवल नाही. पण संशोधकांनी चिमट्यासारख्या उपकरणानं बाळांच्या पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची कातडी मोजली. दंड लहान, पोटाचा घेर लहान, सगळंच लहान. कातडीखालची ही चरबी मात्र गोऱ्या बाळांच्या जवळपास. आपलं बाळ जन्मतं तेच अंगानं बारीक आणि आतून चरबीचं. मेडिकलसमोर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाची ती पहिली आवृत्ती म्हणायची.

पोटातल्या उपासमारीचा हृदयाशी संबंध असतो हे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी आधी मांडलं होतं. हर्टफर्डशर परगण्यातल्या नर्सबाई १९११ पासून नवजात बाळांची वजनं वहीत लिहून ठेवत. त्या वह्या हाती लागल्यावर बार्कर यांनी ती बाळं पुढं कशानं मेली याचा माग काढला. १९८९ साली निष्कर्ष छापून आला: कमी वजनाच्या बाळांमध्ये मोठेपणी हृदयविकारानं मरणं जास्त. आपल्या आशाताई आणि नर्सबाई रोज ज्या रजिस्टरात वजनं भरतात, त्याकडे मी हे वाचल्यापासून कटकटीचं कागदी काम म्हणून बघत नाही.

याज्ञिकांच्या त्या सहा गावांतल्या गरोदर बायकांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं. ते भाजीपाल्यात नसतं. दूध-दही, अंडी, मटण-मासळीत असतं. ज्या आयांच्या अंगात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा जास्त दिसल्या. (हे वाचून कुणी दवाखान्यातल्या लोह-फोलिकच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या लागतातच. प्रश्न सोबत जे मिळत नाही त्याचा आहे.) आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच बायकांचं खाणं तपासलं, तेव्हा पालेभाज्या, फळं आणि दूध पोटात जाणाऱ्या आयांची बाळं भरलेली आढळली. नुसत्या भाकरीच्या संख्येनं तेवढा फरक पडत नव्हता.

माणदेशी माणसाला हे समजायला लॅन्सेट लागू नये. गाय गाभण राहिली की तिची पेंड वेगळी होते, गोठ्यात तिची जागा बदलते, मालक स्वतः पाटी घेऊन जातो. दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहिल्या तेव्हा जनावरामागं किती किलो चारा याचे सरकारी आदेश निघाले. त्याच घरातली सतरा वर्षांची पोर सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी आणि पातेल्याच्या बुडाची आमटी घेते. पहाटे धार निघते, कॅन डेअरीला जातो, घरात राहतं ते चहापुरतं. त्यातही चहा आधी पाहुण्याला. दोन वर्षांनी तिचं लग्न, आणखी वर्षानं पाळणा, मग सगळे धावतात बदाम-खारीक घेऊन. तोवर बाळाच्या अंगाची घडण बरीचशी उरकलेली असते.

म्हणूनच याज्ञिक पुढं गरोदरपणाच्याही मागं गेले. अभ्यासातली ती बाळं वयात आल्यावर, आईबाप होण्याआधीच, २०१२ पासून त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. मात्रा केवढी? रोज दोन मायक्रोग्रॅम. त्यांच्या पोटी जन्मलेली पोरं अजून लहान आहेत. त्यांचं हृदय पन्नाशीत कसं चालेल हे सांगायला कुणी घाई करू नये. पण मोठेपणी बी जीवनसत्त्वं देऊन अटॅक टळतात का, हे बाहेरच्या मोठ्या चाचण्यांनी पाहिलंय आणि फारसं हाती लागलेलं नाही. उशिराच्या उपायाची मजल तेवढीच, असं मी यातून वाचतो.

बीपीच्या गोळ्यांना मी कमी लेखत नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपला सातारा होता. ठरलेलं साधं औषध, महिन्याच्या गोळ्या एकदम, न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. त्यानं लकवे आणि अटॅक टळतात, आणि चाळिशी ओलांडलेल्यानं बीपी मोजून घ्यावं. मात्र हे पुराचं पाणी उपसणं झालं.

दूध घरात ठेवा म्हटलं की बाया विचारतात, मग पेंडीची उधारी कोण फेडणार? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एकट्या घरावर ढकलता येत नाही, आणि सरकार तर उलट्या पावलानं चाललंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. आठवड्याला एक म्हणजे फार नव्हे, पण काही घरांतल्या पोरींना तेवढंच. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद झाला आणि शाळांना सांगण्यात आलं, हवं तर लोकसहभागातून द्या. लोकसहभाग म्हसवडला नवा नाही. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा वर्गणीसाठी कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या बैठकीत अंड्याचा विषय घ्यावा, आणि पोषण आहार आठवीला थांबतो म्हणून नववी-दहावीच्या पोरींना त्यातून वगळू नये.