तुरा वाळला म्हणून झाड टाकू नका

नर्सरीत ब्रोमेलियाड विकलं जातं ते मधल्या लाल-केशरी तुऱ्यावर. कुणीतरी भेट म्हणून आणतं, दोन-तीन महिने ते दिवाणखान्यात मिरवतं आणि तुरा तपकिरी पडला की कुंडीसकट कचऱ्यात जातं. कृपा करून तसं करू नका. झाड मेलेलं नसतं. अननसाच्याच कुळातलं हे रोप एकदाच फुलतं आणि पुढे काही महिन्यांत वाळून जातं हे खरं. पण त्याआधी बुंध्याशी पिल्लं धरतं. वाळका तुरा तेवढा छाटा. पानं राहू द्या, पिल्लं त्यांच्यावरच पोसतात. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की धारदार सुरीने बुंध्यालगत कापून वेगळं लावा.

लावताना बागेतली माती नको. यातली बरीच झाडं ब्राझीलकडच्या जंगलात फांद्यांवर वाढतात. मुळांचं मुख्य काम धरून ठेवण्याचं. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, थोडे विटांचे खडे एवढं पुरतं. कोकणात, गोव्यात तर आंब्या-फणसाच्या खोडाला सुतळीने बांधलं तरी चालतं.

आणि पुढच्या वेळी तुरा बघून नव्हे, पान बघून घ्या. माझं मत विचाराल तर निओरेगेलिया घ्या. वाइनसारखी लाल, ठिपक्यांची, पांढऱ्या पट्ट्यांची पानं वर्षभर तशीच राहतात. फुलायच्या वेळी मधला भाग लालभडक होतो आणि चिमुकली निळी-जांभळी फुलं पानांच्या मधल्या पेल्यात साचलेल्या पाण्यातून जेमतेम डोकं वर काढतात. सकाळचं कोवळं ऊन मात्र हवंच. अंधाऱ्या कोपऱ्यात तीच पानं हिरवी, लांबुडकी होतात. उलट एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात करपतात.

आता पेल्यातलं पाणी. झाड ते पानांनीच पितं, म्हणून पेला रिकामा ठेवायचा नाही. पण डेंग्यूच्या डासालाही असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो, तेव्हा दर चार-पाच दिवसांनी कुंडी आडवी करून पाणी ओता, नवं भरा. घरात साठवलेलं पाणी रिकामं करण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळत असाल तर पिंप, कूलरबरोबर हेही धरा. खोडाला बांधलेल्या झाडात पाइपाने जोराची धार मारा. पेल्यात तेल किंवा रॉकेल टाकायचा सल्ला ऐकू नका, पानांचं पाणी शोषणंच बंद होतं.

सुपारीच्या बागेत ही झाडं लावली असतील तर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारण्याआधी ती बाजूला न्या, बांधलेली असतील तर प्लास्टिकने झाका. त्यातलं तांबं यांना अजिबात सोसत नाही.