समुद्रावरचा वारा, शेतातला पंप

लातूरला समुद्र नाही, मग समुद्रातल्या पवनचक्क्यांवर मी कशाला लिहितोय? लहानपणी रात्रीची लाईट आली की बाबा बॅटरी घेऊन पंप चालू करायला निघायचे. ते परतेपर्यंत आईच्या डोळ्याला डोळा नसायचा. आता सोलरमुळे कुठेकुठे दिवसा वीज मिळतेय, पण सूर्य मावळल्यावर काय?

समुद्रावरचा वारा जमिनीवरच्यापेक्षा जोरकस, सलग. २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: ५०० मेगावॅट गुजरातसाठी, ५०० तामिळनाडूसाठी. आपलं कोकण त्यात नाही! ही वीज महाग पडते, मान्य. म्हणूनच तर ते अनुदान. आपणही मागावं. फक्त जागा ठरवण्याआधी कोळ्यांना विचारा. त्यांची जाळी गुंडाळून आमचे पंप चालायला नकोत.

बघा, पटतंय का.