यंत्राची नांवनिशी

गेल्या वर्षभर आमच्या घरांत कुलवृत्तांताचें काम चाललें आहे. कुलवृत्तांत म्हटला कीं कागदांचे गठ्ठे, वाळवीनें खाल्लेल्या पत्रिका आणि वडील माणसांचीं परस्परविरोधी स्मरणें हें सर्व ओघानें आलेंच. त्याचें वर्णन आम्ही येथें करीत बसत नाहीं. या खेपेस लिहावयाचें आहे तें निराळ्याच गोष्टीविषयीं. आमच्या पुतण्यानें सारा मजकूर संगणकावर 'टेक' नांवाच्या अक्षरजुळणीच्या पद्धतीनें बसविला, आणि त्या पद्धतीस नांवें कशीं ओळखूं येतात याचा पुरता उलगडा न झाल्यामुळें आमच्या घराण्यांतील दोन सुना वंशावळींतून नाहींशा झाल्या.

ही पद्धति अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांची. १९७७ सालीं त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें हातीं आलीं, तीं पाहून ते इतके खट्टू झाले कीं अक्षरजुळणीचा प्रश्न आपणच सोडवावयाचा असें त्यांनीं ठरविलें. १९७८ त पहिली आवृत्ति निघाली; १९८२ त त्यांनीं ती नव्यानें लिहून काढली. गणिताचे ग्रंथ व निबंध आजही पुष्कळसे तींतच जुळविले जातात. पुढें २००४ सालीं जोनाथन क्यू यांनीं 'झीटेक' हा तिचा विस्तार केला, त्यांत देवनागरी मजकूर सरळ लिहितां येतो. आमच्या पुतण्यानें घेतली ती हीच.

तींत सोय अशी कीं, वारंवार येणाऱ्या मजकुरास एक आंखूड संज्ञा द्यावी, संज्ञेच्या आधीं उलटी तिरकी रेघ काढावी, आणि पुढें ती संज्ञा येईल तेथें यंत्रानें पूर्ण मजकूर मांडावा. घरांतील प्रत्येक व्यक्तीला अशी संज्ञा दिली, तिच्यापुढें पूर्ण नांव, माहेरचें नांव, जन्ममृत्यूचीं सालें लिहून ठेवलीं, म्हणजे चूक निघाल्यास एकाच ठिकाणीं दुरुस्ती पुरे. कल्पना उत्तम, आम्हींही तिची तोंड भरून स्तुति केली होती.

पहिली अडचण आली ती विभक्तीची. संज्ञा कोठें संपली हें यंत्राला कळावें कसें? नियम असा कीं, तिरक्या रेघेनंतर सलग जितकीं अक्षरें येतील तितकीं सर्व संज्ञेचींच. अक्षर नसलेलें पहिलें चिन्ह आलें कीं ती संपली. संज्ञेमागून मोकळी जागा सोडली तर यंत्र ती गिळून टाकतें. इंग्रजींत षष्ठीचा प्रत्यय लावतांना मध्यें एक स्वल्पचिन्ह येतें, त्यामुळें संज्ञा आपोआप तुटते. आमचे प्रत्यय मात्र नामाला चिकटून येणारे. 'भाऊ' या संज्ञेला 'नीं' जोडला कीं यंत्र 'भाऊनीं' नांवाची संज्ञा शोधूं लागे, आणि अशी संज्ञा आपणांस ठाऊक नाहीं म्हणून थांबून राही. संज्ञा व प्रत्यय यांच्यामध्यें रिकामा महिरपी कंस घालावा हा त्यावरील उपाय. सामान्यरूपाला मात्र तोही पुरत नाहीं, कारण 'गणपत' आणि 'गणपताला' यांतील मधला 'आ' यंत्र स्वतःहून कोठून आणणार? तेव्हां अशा नांवांना दोन दोन संज्ञा कराव्या लागल्या. या भानगडींत आषाढ गेला. परंतु आमची तक्रार नाहीं, कारण यंत्र अडत होतें तें उघडपणें अडत होतें.

संज्ञा वाचल्यावर तिचा अर्थ यंत्र शोधतें कसें, हें पुतण्यानें आम्हांस समजावून दिलें, तें आम्हांस फार आवडलें. हजारों नांवें पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळीत बसल्यास दिवस पुरणार नाहीं. म्हणून नांवाच्या अक्षरांवरूनच खणाचा क्रमांक काढतात. प्रत्येक रोमन अक्षरास एक ठराविक अंक आहे. पहिल्या अक्षराचा अंक घ्यावा, त्याची दुप्पट करून पुढील अक्षराचा अंक मिळवावा, पुन्हां दुप्पट, पुन्हां मिळवणी. आणि आंकडा १७७७ किंवा अधिक झाला तर त्यांतून १७७७ वजा करीत जावें. मूळच्या पद्धतीचें गणित हें असें आहे. रोमन लिपींत 'आई' हा शब्द ए, ए, आय अशा तीन अक्षरांनीं लिहिला, तर ए चे ९७. त्यांची दुप्पट व पुन्हां ९७ मिळून २९१. त्यांची दुप्पट व आय चे १०५ मिळून ६८७. म्हणजे आईचा खण ६८७ वा! दोन नांवांचा खण एक येणें अर्थातच शक्य आहे. बी-सी आणि सी-ए या दोहोंचेही उत्तर २९५ च येतें. अशा वेळीं दुसऱ्याची सोय अन्य खणांत करून पहिल्यांत तशी खूण ठेवतात, आणि नांव अक्षरशः पडताळून पाहिल्यावांचून अर्थ हातीं देत नाहींत. सारांश, दोन भिन्न नांवांचा यंत्र कधींही घोटाळा करीत नाहीं.

आमच्याकडे घोटाळा झाला तो एका नांवाचा. घराण्यांत सुनेचें नांव लक्ष्मी ठेवण्याची चाल. आमची खापरपणजी लक्ष्मीबाई, पणजी लक्ष्मीबाई, आणि धाकटी काकू तीही लक्ष्मीबाईच. पुतण्यानें प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं त्या त्या पिढीच्या संज्ञा लिहिल्या होत्या, आणि तिन्ही प्रकरणांत 'लक्ष्मी' ही संज्ञा पुन्हां पुन्हां बांधली गेली. प्रकरणें ठीक छापून आलीं, कारण संज्ञा वाचतांना खणांत जो अर्थ असेल तोच यंत्र घेतें. वंशावळ होती ग्रंथाच्या शेवटीं. तोंवर खणांत राहिला तो काकूचाच कागद.

मुद्रितें आम्ही दोघांतिघांनीं तपासलीं, कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. आमच्या आत्याबाईंचें वय ८६, दृष्टि अधू. त्यांना वंशावळ वाचून दाखवीत होतों. त्यांनीं मध्येंच थांबविलें.

"अरे, तिन्ही लक्ष्म्या माहेरच्या यमुनाच कशा? यमुना ही आपली धाकटी वहिनी. माझी आजी दुर्गा होती. पुन्हां वाच बघूं."

पुन्हां वाचलें. तिन्ही ठिकाणीं यमुना, तेंच माहेर, तेंच जन्मसाल.

"आत्याआजी, यंत्रानें कांहींच सांगितलें नाहीं हो," पुतण्या ओशाळून म्हणाला. तें खरें होतें. त्यानें वापरली ती 'डेफ' ही मूळची आज्ञा जुना अर्थ मुकाट्यानें पुसून नवा ठेवते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं याच पद्धतीवर रचलेल्या 'लाटेक' मध्यें 'न्यूकमांड' ही आज्ञा आहे, ती मात्र संज्ञा आधींच बांधलेली असल्यास नव्या व्याख्येस साफ नकार देते. पुतण्याला ती अडवणूक वाटे, म्हणून त्यानें ती टाळली होती! पाणिनीच्या प्रत्याहारांतही 'ण्' हा अनुबंध दोनदां येतो, पहिल्या सूत्राच्या शेवटीं आणि सहाव्याच्या शेवटीं. तेव्हां 'अण्' म्हणजे कोठवर, हा प्रश्न वैयाकरणांनाही पडलाच होता. एक स्थळ वगळतां सर्वत्र पहिल्या ण् पर्यंतच, असा निर्णय टीकाकारांनीं देऊन ठेवला आहे. यंत्राला टीकाकार कोठले?

पुतण्यानें मग नकार देणारी आज्ञा घेतली आणि लक्ष्मी १, लक्ष्मी २, लक्ष्मी ३ अशा संज्ञा केल्या. पण आंकडा हें अक्षर नव्हे. संज्ञा 'लक्ष्मी' येथेंच संपली, आणि लक्ष्मी म्हणजे '१' एवढाच अर्थ यंत्रानें टिपून घेतला. तें पाहून घरांत हंशा पिकला. आत्याबाईंना मात्र हंसूं आलें नाहीं. "आंकडे कशाला?" त्या म्हणाल्या. "ज्यांना तीं नांवें आईबापांनीं ठेवलीं होतीं, त्याच नांवांनीं लिही कीं."

तेव्हांपासून छापील पानावर तिघी लक्ष्मीबाई आहेत आणि यंत्राच्या नांवनिशींत त्या माहेरच्या नांवानें नोंदलेल्या आहेत. यमुना व दुर्गा आपापल्या खणांत गेल्या. खापरपणजीचें माहेरचें नांव आत्याबाईंनाही आठवत नाहीं, आणि आमच्या कागदांतही तें नाहीं. तिच्या माहेरच्या घराण्याचाही कुलवृत्तांत निघाला आहे असें कळलें, म्हणून तेथील मंडळींस पत्र धाडलें आहे. उत्तर येईपर्यंत तिची व्याख्या बांधूं नये, असें आत्याबाईंचें सांगणें पडलें. त्यामुळें मुद्रितें काढावयास घेतलीं कीं यंत्र त्या ओळीपाशीं येऊन थांबतें, आणि ही संज्ञा आपणांस ठाऊक नाहीं असें कळवितें.