भाड्याने हप्ता फिटतो काय?

राहत्या घराचे कर्ज फिटले, मुले शिकून मार्गी लागली, की नोकरदार माणसाच्या मनात दुसऱ्या घराचा विचार डोकावू लागतो. बँकेकडून कर्ज काढावे, घर भाड्याने द्यावे, भाड्यातून हप्ते फिटावेत आणि निवृत्तीनंतर ते घर आयतेच पदरी पडावे, असा हा हिशेब असतो. तो मोहक आहे यात शंका नाही. परंतु कागदावर मांडून पाहिला, तर त्यातील तूट ताबडतोब दिसून येते.

उदाहरणादाखल ६० लाख रुपये किमतीचे घर घ्यावे. त्यातील १५ लाख पदरचे आणि ४५ लाख कर्जाऊ. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीच्या या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ३९ हजार रुपये पडतो. घराला दरमहा १५ हजार भाडे येते आणि भाडेकरू बदलताना वर्षाकाठी एक महिना घर रिकामे राहते असे धरले, तर वार्षिक उत्पन्न १ लाख ६५ हजार होते. मालमत्ता कर, सोसायटीची वर्गणी, रंगरंगोटी व दुरुस्ती यांवर ३५ हजार खर्च झाले, की हाती उरतात १ लाख ३० हजार. पहिल्या वर्षाचे व्याजच मुळी ३ लाख ८० हजारांच्या घरात जाते. म्हणजे हप्ता फिटणे दूरच राहिले, भाड्यातून व्याजाचा जेमतेम तिसरा हिस्सा भागतो आणि उरलेला भार दरमहा पगारावर पडतो. पदरच्या १५ लाखांवर बुडालेले ठेवीचे व्याजही हिशेबात धरले, तर घराची किंमत दरसाल सुमारे ६ टक्क्यांनी वाढली तरच ही गुंतवणूक बरोबरीत सुटते. तेव्हा ज्याला उत्पन्न समजले जाते, ती वस्तुतः भाववाढीवर लावलेली पैज असते.

भाडे इतके तोकडे असूनही पुष्कळ मालक तेवढेही घेत नाहीत. घराला कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. या कुलपामागे भीती आहे आणि महाराष्ट्रात तरी तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी परवाना कराराची वाट शोधली, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले. एकदा पोळलेला मालकवर्ग तेव्हापासून ताकही फुंकून पीत आला.

पण आज ती स्थिती राहिलेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच राहणाऱ्याने घर सोडावयाचे असते. न सोडल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मात्र कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत येथे चुकीची ठरते. नोंदणी टाळणारा मालक शिक्षेला तर पात्र होतोच, शिवाय वाद उद्भवल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते.

तात्पर्य, भाड्याचे घर हा एक लहानसा व्यवसाय आहे आणि व्यवसायाची शिस्त त्याला लागू पडते. निव्वळ भाड्यातून निदान व्याज तरी भागावे, एवढेच कर्ज काढावे. वरील उदाहरणात ही मर्यादा जेमतेम १५ लाखांची येते! घर रिकामे राहील त्या महिन्यांसाठी काही रक्कम बाजूला असावी आणि करार नोंदवल्याखेरीज किल्ली कोणाच्या हाती देऊ नये. एवढी ऐपत वा तयारी नसेल, तर दुसऱ्या घराचा मोह आवरलेला बरा. नोकरदाराची आयुष्यभराची शिल्लक एकच असते. हिशेब चुकल्यावर ती पुन्हा जमवावयास वय उरत नाही.